मुक्कामी गाडीची काच

मुखेडची मुक्कामी गाडी सकाळी सात चाळीसला लातूरच्या स्टँडात शिरली, सहा नंबरच्या फलाटाला लागली, आणि तिची काच कोरी होती. झालं ते एवढंच. कोणी मेलं नाही, कोणाला लागलं नाही. आणि कोणी मेलं नाही हीच तर अडचण होती. मन्मथ सर पत्र्याच्या स्टुलावर चढले, डाव्या हातात भिंग, उजव्या हातात चिमटा, कपाळावर पूजेच्या विभूतीचे पट्टे अजून ओले, आणि काचेत त्यांना स्वतःचंच तोंड दिसलं. अकरा वर्षं ते या गाडीच्या काचेला रोज नाक लावत आले होते, पण मधे नेहमी काहीतरी असायचं. पतंगाच्या पंखांची भुकटी, तुडतुड्यांचे हिरवट ठिपके, एखाद्या भुंगेऱ्याच्या पोटातलं पिवळं. आज मधे काहीच नव्हतं, आणि अठ्ठेचाळीस वर्षांचा प्राणिशास्त्राचा प्राध्यापक भिंगातून स्वतःची नाकपुडी बघत उभा होता. नाकपुडीत केस होते. मोजले असते तर निदान एक आकडा मिळाला असता.

"काच पुसली का रे?" त्यांनी विचारलं.

ड्रायव्हर नवा होता. कानाला मफलर, दातात काडी. "पुसाया पाणी कुठंय सर? दोन महिने झाले, डेपोत गाड्या धुणं बंद हाय. माणसाला प्यायला न्हाई, काचीला कुठलं?"

"शेषेराव कुठायत?"

"काका काल रिटायर झाले की. मी व्यंकट. तुमी किडेसर न्हवं? काका म्हणले व्हते, एक सर स्टूल घेऊन येतेत, येऊ दे, हटकू नको."

मन्मथ सर खाली उतरले. वहीत तारीख घातली आणि पुढे शून्य काढलं. शून्य त्यांना नीट जमलं नाही, वरच्या बाजूला उघडं राहिलं. वहीच्या मागच्या पुठ्ठ्यात त्यांच्या विद्यार्थिनीचा, रुद्राणीचा फॉर्म होता. त्यावर सोमवारच्या आत त्यांची सही होऊन तो विद्यापीठात पोचायचा होता, आणि ती सही करायची नाही असं त्यांनी काल जेवताना पक्कं ठरवलं होतं. ठरवताना जेवण चांगलं गेलं होतं. आज शुक्रवार होता. ते स्टँडावरच्या सिमेंटच्या बाकावर बसले. समोर टँकरची वाट बघणाऱ्या घागरींची रांग होती, रांगेत माणसं नव्हती, नुसत्या घागरीच होत्या, आणि त्या माणसांपेक्षा शिस्तीत उभ्या होत्या.

पंचाहत्तर साली हे सुरू झालं तेव्हा लातूर हा नुसता तालुका होता. एकदा मुखेडहून येताना पहिल्या सीटवर बसलेल्या मन्मथ सरांना दिसलं, की ड्रायव्हरला काचेतून रस्ता दिसत नाही एवढे किडे तिच्यावर मेलेत. संध्याकाळी लातूरहून निघायचं, दिवे लावून चाकूर, शिरूर ताजबंद, जांब असं करत मुखेड गाठायचं, तिथे मुक्काम करून पहाटे परत फिरायचं. रोज तोच रस्ता, तीच वेळ, तेच दिवे. यापेक्षा चांगलं जाळं कुठल्या प्रयोगशाळेत असतं? लोक किडे पकडायला जंगलात जातात, त्यांचे किडे राज्य परिवहनाने आणून द्यायचे. पहिल्या वर्षी श्रावणात रोजचे सरासरी एकशे चाळीस. मग एकशे दहा. मग ऐंशी. दरवर्षी थोडे कमी, जसे माणसाच्या डोक्यावरचे केस, रोज आरशात बघणाऱ्याला कळत नाहीत पण फोटोत कळतात. त्यांची वही हा असा फोटो होता. वर्गात त्यांनी तो मुलांना दाखवला होता. "किडे जातायत," ते म्हणाले होते, "आणि ते एकटे जाणार नाहीत. त्यांच्यावर जगणारे त्यांच्या मागोमाग जातील. पाखरू जाईल, फळ जाईल, बी पोचट होईल." वर्ग हसला होता. पहिल्या बाकावरची एक मुलगी हसली नव्हती, ती लिहून घेत होती. ती रुद्राणी. निलंग्याच्या महादेवप्पांची मुलगी, ज्यांचं बी-बियाण्याचं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान बाजारपेठेत होतं. किडे मारण्याच्या पैशावर शिकून ती किडे वाचवायला निघाली होती, आणि हा विनोद तिला कॉलेजात सगळ्यांनी एकेकदा ऐकवला होता. सरांनी दोनदा.

ब्याऐंशीच्या ऑगस्टमध्ये आई गेली. कमलम्मा. नवा जिल्हा व्हायच्या कमानी गावात उभ्या राहत होत्या, आणि मन्मथ सर स्टुलावर होते. घरून माणूस पळत आला तेव्हा त्यांचं निम्म्या काचेवरचं मोजून झालं होतं. "आलोच," ते म्हणाले, आणि उरलेली निम्मी काच मोजून मग गेले. हे कोणाला माहीत नव्हतं. ते त्यांना मात्र रोज सकाळी सात चाळीसला माहीत असायचं. आईला लिंगायत रीतीप्रमाणे बसवून माती दिली. जमीन इतकी कोरडी होती की खड्डा खणताना पहारीतून ठिणग्या निघाल्या, आणि सगळे रडत असताना त्यांनी खणलेल्या मातीत बघितलं की अळी, वाळवी, काय निघतं. काही निघालं नाही. आई जन्मभर दर सोमवारी घरच्या अंगणात मुंग्यांच्या बिळापाशी साखर घालायची, आणि शेवटी जिथे बसली तिथे तिला भेटायला एक मुंगी नव्हती. "गोड असल्याबिगर मुंगी चढत न्हाई मन्मथा," ती म्हणायची, "अन् गोड असलं तर तिला हाकलून जात न्हाई." हे सांगायला तिला एकही वर्ष कॉलेजात जावं लागलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ते पुन्हा स्टँडावर आले. काचेवर नऊ होते. नऊ. ते स्टुलावर तसेच उभे राहिले. शेषेराव ड्रायव्हर खाली बिडी धरून उभा होता, पेटवलेली नव्हती, सरांसमोर तो पेटवत नसे. "सर, उतरा," तो म्हणाला. "बसा घडीभर." आणि दुसऱ्या दिवसापासून किडे परत आले. सत्तावीस. एकतीस. पुढच्या श्रावणात अठ्ठावन्न. एकदा चौसष्ट. आईच्या जाण्याशी या आकड्यांचा संबंध जोडणं शास्त्रात बसत नव्हतं म्हणून त्यांनी तो जिल्हा होण्याशी जोडला. नवे रस्ते, नवे दिवे, नव्या कचेऱ्यांभोवतीची झाडं. एवढंच नव्हे, काचेवर जिवंत मुंग्या दिसायला लागल्या. मुखेडला रात्री गाडीवर चढायच्या, मेलेल्या किड्यांशी झोंबत लातूरपर्यंत यायच्या. सरांनी यावर टिपण लिहिलं, 'मृत कीटकांच्या मागावर मुंग्यांचा बसप्रवास', आणि ते पुण्याच्या एका मासिकात छापून आलं. अकरा वर्षांत छापून आलेलं तेवढंच. मग गेल्या वर्षी दुष्काळात काचेवर सोंडे सापडायला लागले. ज्वारीच्या कणगीतला सोंडा उडत येऊन बसच्या काचेवर आपटतो, हे कोणी कधी ऐकलं नव्हतं. सरांनी त्याचं कारणही शोधलं. उपासमारीने धान्यकीटकांचं स्थलांतर. याचं दुसरं टिपण अर्धं झालं होतं.

रुद्राणी मात्र काचेकडे बघत नव्हती. ती तीन वर्षं निलंग्याच्या बाजूला सूर्यफुलाच्या एकाच शेतात बसली. सकाळी आठ ते अकरा, एका फुलावर किती माश्या येतात, किती भुंगे येतात, घड्याळ लावून. तिचे आकडे पडत गेले, निम्मे, मग निम्म्याचे निम्मे. फुलं बैलगाडीच्या चाकाएवढी आणि आतले दाणे पोचट, नखाने दाबले की फुस्स. नव्या जिल्ह्याच्या जीवसृष्टीवर कचेरीत परिसंवाद झाला तेव्हा तिने हे वाचलं. एक बडे अधिकारी अध्यक्ष होते. ते प्रसन्नपणे म्हणाले, "बाई, जिल्ह्याचेच दोन तुकडे झाले. मग किडेही निम्मे होणारच की. अर्धे तिकडे उस्मानाबादला राहिले असतील." सभागृह हसलं. हसणं ओसरेपर्यंत रुद्राणी थांबली आणि म्हणाली, "साहेब, माझं शेत तेवढंच आहे." मग मन्मथ सर उठले. ते तिचे मार्गदर्शक होते, त्यांनी तिच्या बाजूने बोलावं अशी रीत होती. त्यांनी वही उघडली आणि सांगितलं की माझी काच असं म्हणत नाही. काच म्हणते, जिल्हा झाल्यापासून वाढलेत. टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी त्याच संध्याकाळी दुसऱ्या एका सभेत सांगितलं की विकास पाहायचा तर बसच्या काचेकडे पहा. सरांना शाल मिळाली. रुद्राणीने शाल घडी करून त्यांच्या हातात दिली, कारण ती खाली पडली होती. तिचा प्रबंध परत आला. परीक्षकांनी लिहिलं होतं, की निष्कर्ष मार्गदर्शकाच्याच प्रकाशित आकडेवारीशी विसंगत. आता ती वडिलांच्या दुकानात गल्ल्यामागे बसून होती आणि लोकांना कुठल्या किड्याला कुठलं औषध ते सांगत होती. ते तिच्याइतकं नीट जिल्ह्यात कोणालाच सांगता येत नव्हतं.

विद्यापीठाने एक शेवटची मुदत दिली होती. फॉर्मवर छापलेलंच होतं, 'निष्कर्ष मार्गदर्शकाच्या आकडेवारीशी विसंगत नाही', त्याखाली मार्गदर्शकाने सही करायची. मग पदवी, मग नांदेडच्या कॉलेजातली जागा, जी तिच्यासाठी सोमवारपर्यंतच उघडी होती. फॉर्मला तिने पोस्टकार्ड जोडलं होतं. 'सर, इकडे बाया आता सकाळी हातात मऊ फडकं घेऊन सूर्यफुलांची तोंडं पुसत फिरतात. एका फुलाचा पराग दुसऱ्याला. माश्यांचं काम. मीच सांगितलं त्यांना. दाणा थोडा भरतो. सही करा किंवा करू नका, पण काच एकदा नीट बघून करा.' त्यांना या शेवटच्या वाक्याचा राग आला होता. काच नीट बघून! अकरा वर्षं ते दुसरं काय करत होते?

कंट्रोलर माणिकप्पाकडून पत्ता घेऊन ते डेपोमागच्या गल्लीत गेले. शेषेरावचं घर दोन खोल्यांचं, पत्र्याचं. निवृत्तीचा नारळ अजून शाबूत, देवळीत ठेवलेला. शेषेराव बनियनवर बसून पायाची नखं काढत होता. चाळीस वर्षं गाडी चालवलेला माणूस घरात बसला की घर लहान वाटतं.

"या सर, या! आज इकडं कशी वाट चुकली?"

"शेषेराव, आज काच कोरी होती."

शेषेरावने कपाळावर हात मारला. "व्यंकट्याला किती घोकून सांगितलं वो मी! डबी बी देऊन आलतो त्याच्याकडं."

"कसली डबी?"

शेषेराव पुन्हा नखं काढायला लागला. आतून गुणाबाई, त्याची बायको, चहाच्या कपबश्या घेऊन आली आणि हसत सुटली. "सांगा की आता! सर, तुमच्यापायी या घरात गूळ टिकत न्हवता. चार सालं झाले. महिना सरला की म्हणायचे, गुणे, गुळाची ढेप संपली काय. मी म्हणायची, म्या खाल्ली का? ह्यो माणूस मुखेडला निम्मा गूळ पाण्यात कालवून काचीला लावायचा."

सरांनी कप खाली ठेवला. चहा गुळाचाच होता, कोरा.

"तिचं ऐकू नका," शेषेराव म्हणाला, आणि मग सगळं स्वतःच सांगितलं, लाजत, जसं एखाद्याने गुपचूप केलेलं दान उघडं पडावं. "तुमची आई गेली, अन् तिसऱ्या दिवशी तुमी आलात. काचीवर नऊ किडे. तुमचं तोंड बघवेना सर. मला काय कळतंय शास्त्र? मला वाटलं, तुमचा नेम हाय. आईसाठी म्हणा, देवासाठी म्हणा. रोज येतेत, मोजतेत, लिहितेत, नेमच की. नेम मोडू नये माणसाचा, पाप लागतंय. मग मुखेडच्या स्टँडावर ट्यूबलायटीखाली पडलेले किडे चुन्याच्या डबीत गोळा करायचो. पहाटं गुळाच्या पाण्यानं चिकटवायचो. लई चिकटवत न्हवतो बरं का. तुमाला शंका येऊ नये एवढेच. सणावाराला जरा जादा."

"चौसष्ट," मन्मथ सर म्हणाले.

"ते? तुमचा फोटो आलता पेपरात, त्या दिवशीचे."

"आणि सोंडे?"

"आता काय करावं? दोन सालं झाले, मुखेडच्या ट्यूबलायटीखाली काहीच पडेना. पाली उपाशी बसून राहिल्यात भिंतीवर. एक पाल दुसरीची शेपूट खाताना बघितली सर मी, ह्या डोळ्यांनी. मग सासुरवाडीच्या ज्वारीतले आणायचो. किडाच हाय न्हवं? किड्याला किडा." त्याने सरांकडे बघितलं. "काय चुकलं का सर?"

"नाही," सर म्हणाले. "चहा चांगला झालाय." गुळाच्या डब्याला मुंग्या लागल्या होत्या. एका ओळीत चढत होत्या, एका ओळीत उतरत होत्या, आणि कुणाच्याही मागावर नव्हत्या.

बाहेर ऊन होतं. ते कॉलेजकडे चालत निघाले आणि चालता चालता त्यांनी रुद्राणीच्या फॉर्मवर सही केली. मनात. पहिल्यांदा चौकाजवळ, मग पुन्हा गंजगोलाईच्या बाजाराला वळसा घालताना, दोन्ही वेळा सही सुरेख आली. खरं तर सगळं त्यांच्याच बाजूने होतं. एकशे चाळीस ते नऊ, ही त्यांची स्वतःची, खरी, बिनगुळाची उतरंड होती. किडे जातायत हे या भागात सगळ्यांत आधी त्यांनी सांगितलं होतं, मुलगी त्यांचंच बोलणं पुढे नेत होती, आणि पालीची शेपूट हा तर असा पुरावा होता की पैसे मोजूनही मिळाला नसता. फक्त लिहायचं, ब्याऐंशीनंतरचे माझे आकडे रद्द समजावेत. कारण? कारणाच्या जागी त्यांची लेखणी मनातल्या मनात अडली. चूक झाली असती तर ती त्यांनी कबूल केली असती, शास्त्रात चुका होतात, त्यांचंही एक टिपण करता येतं. पण इथे चूक झाली नव्हती. दया झाली होती. एका ड्रायव्हरला त्यांची कीव आली होती आणि तिची त्यांनी चार वर्षं सरासरी काढून तिला आलेख जोडला होता. उद्या हे कचेरीत वाचलं जाईल, वर्गात वाचलं जाईल, माणिकप्पा पासधारकांना सांगेल, आणि सहा नंबरच्या फलाटावर पोरं ओरडतील, सर, गूळ! आणि रुद्राणी हसणार नाही. तिला ते माहीत होतं, हे त्यांना आता कळलं. माहीत नसतं तर तिने ते शेवटचं वाक्य लिहिलं नसतं. तीही चार वर्षं त्यांच्यावर दयाच करत होती. शाल घडी करून देताना तिने जशी नजर खाली ठेवली होती तशी माणूस आंधळ्याला रस्ता ओलांडून देताना ठेवतो.

प्रयोगशाळेत कोणी नव्हतं. त्यांनी कपाट उघडलं. डांबरगोळ्यांचा वास अंगावर आला, तरुणपणाचा वास. खणात त्यांचे सत्तरच्या दशकातले भुंगेरे, पतंग, चतुर ओळीने टाचलेले होते, प्रत्येकाखाली त्यांच्या बारीक अक्षरात गाव आणि तारीख. यांतले काही आता कुठेच नसतील. जगात कुठे नसतील असं नाही, पण या रस्त्यावर नसतील, आणि त्यांना माहीत असलेलं जग हाच एक रस्ता होता. त्यांनी टाचण्या उपसायला सुरुवात केली. सवयीचे हात, एकही पाय मोडला नाही. मोठे भुंगेरे सात. पतंग नऊ. बारके बरेच. मग खुर्चीत बसून फॉर्म काढला आणि 'विसंगत नाही' यातल्या 'नाही'वर पट्टीने सरळ रेघ मारली. रेघेखाली सही केली. ती रस्त्यातल्या दोन्ही सह्यांपेक्षा चांगली आली. पाकीट बंद करून शिपायाकडे दिलं आणि सांगितलं, आजच्या डाकेत गेलं पाहिजे, एका मुलीच्या आयुष्याचा प्रश्न आहे.

साडेसहाला मुखेडची गाडी सुटायच्या आधी ते व्यंकटच्या खिडकीशी गेले. हातात काडेपेटी आणि कागदाची पुडी.

"ह्यात काय हाय सर?"

"किडे. आणि पुडीत गूळ आहे. शेषेरावांनी सांगितलंय ना तुला कसं करायचं?"

व्यंकटने काडेपेटी उघडून बघितली. तोंडातली काडी एका बाजूची दुसऱ्या बाजूला नेली. "किडे तुमचे, अन् उद्या मोजणार बी तुमीच?"

"हो."

"असू द्या," व्यंकट म्हणाला. "आमच्या गावात एक म्हातारा रोज स्वतःलाच टपाल घालतोय." आणि दोन बोटांनी काडेपेटी बंद करून त्याने ती देवाच्या फोटोमागे सरकवली.

शनिवारी सात चाळीसला गाडी लागली. मन्मथ सर स्टुलावर चढले. काच भरलेली होती. व्यंकटचा हात अजून बसलेला नव्हता, त्याने सगळे एकाच उंचीवर, एका ओळीत लावले होते, शाळेच्या प्रार्थनेला उभे केल्यासारखे. सरांनी भिंग लावलं. दुसऱ्या भुंगेऱ्याच्या उजव्या पंखावर, जिथे त्यांनी सोळा वर्षांपूर्वी चाकूरच्या एका लिंबाखाली श्वास रोखून टाचणी घातली होती, तिथे बारीक गोल भोक होतं, आणि त्या भोकातून पलीकडे, काचेच्या आत, व्यंकटचा पिवळा मफलर दिसत होता. त्यांनी तो मोजला. मग पुढचा मोजला. खाली टँकर आला, घागरींच्या रांगेत अचानक माणसं उगवली आणि भांडायला लागली. त्यांचा आकडा चुकला नाही. एकतीस.

मुंग्या मात्र नव्हत्या. गूळ होता, काचेवर ओघळसुद्धा होता, पण एकही मुंगी चढली नव्हती. त्यांनी नाक जवळ नेलं. डांबरगोळीचा वास स्वच्छ येत होता. त्यांनी वही गुडघ्यावर घेतली, तारीख घातली, एकूण एकतीस लिहिलं, आणि शेऱ्याच्या रकान्यात सुबक अक्षरात नोंद केली: 'मुंग्या आढळल्या नाहीत. घट चिंताजनक. कारण शोधले पाहिजे.'